सायकल सावलीला लावा : खानदेशातल्या ऊन-पावसाचा एक छोटा इतिहास

खानदेशाचा इतिहास सांगायचा म्हटलं की कापूस येतो, रेल्वे येते, गिरण्या येतात. आज आम्ही गिरणीच्या आत जाणार नाही. फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकलींपाशी थांबणार आहोत.

का, तर एक साधा हिशेब करा. कामगार सकाळी अर्धा तास सायकल चालवायचा, संध्याकाळी अर्धा तास. उरलेले २३ तास ती उभीच. त्यातले आठ-नऊ तास उघड्यावर. म्हणजे सायकल किती वर्षं टिकणार हे ती किती चालली यापेक्षा ती कुठे उभी राहिली यावर जास्त ठरायचं. आणि ती जागा ठरवणं मालकाच्या हातात क्वचितच असायचं.

थोडं मागे जाऊ. खानदेश जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८० सालचं. त्यात आजच्या सायकलीला जागा असणं शक्यच नव्हतं, कारण दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सेफ्टी सायकल इंग्लंडात बाजारात आली १८८५ मध्ये, आणि डनलॉपचा हवेचा टायर १८८८ मध्ये. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव एकाचं ठाणं, धुळे दुसऱ्याचं. त्या काळात आपल्याकडे येणारी सायकल विलायती होती : रॅले, बीएसए, हर्क्युलस. ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली स्वातंत्र्यानंतर. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्यात १९५६ मध्ये हीरो, असे कारखाने उभे राहिले, तेव्हा.

पण सायकल देशी झाली तरी तिचा घाट विलायतीच राहिला. भट्टीत भाजलेला काळा रंग, पूर्ण चेनकव्हर, रुंद मडगार्ड, हा सगळा बंदोबस्त रिमझिम पावसाच्या देशातला. जळगाव-भुसावळच्या मे महिन्याचा विचार त्यात कुणी केला नव्हता. इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो तो सावलीतला. उन्हात उभ्या काळ्या लोखंडाला हात लावून पाहा, म्हणजे कळेल.

आता टायरमध्ये काय होतं? सकाळी २५ अंशांना भरलेली हवा दुपारी ६५ अंशांपर्यंत तापली, तर आतला एकूण दाब साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. नवा टायर हे सहज सोसतो. पण कामगाराचा टायर नवा कधी असायचा? कडेला चिरलेला, आतून तुकडा लावलेला, ट्यूबला बाभळीच्या काट्यांची पाच-सात पंक्चरं. गरमीत सोल्यूशन मऊ पडायचं, ठिगळ सरकायचं. भर दुपारी स्टँडवर फटाका वाजावा तसा आवाज यायचा आणि सगळे आपापल्या सायकलीकडे धावायचे. म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवायची, ही आपल्याकडची रीत. ती अडाणी समजूत नव्हती, चक्क पदार्थविज्ञान होतं.

आणि सावली. अहिराणीत कुणीतरी सांगायचं, 'आठे ऊन शे, तठे सावली शे.' पण ती सावली दिवसभर एका जागी थांबत नाही ना! सकाळी इमारतीची सावली पश्चिमेला पडते. नवखा माणूस खुशीत तिथे सायकल लावतो आणि दुपारी दोनला नेमकी तीच बाजू भाजून निघते. जाणता माणूस सकाळी मुद्दाम पूर्वेला, उन्हात लावायचा. सकाळचं ऊन परवडतं, दुपारचं नाही. निंबाच्या झाडाखालची जागा तर पहिल्या येणाऱ्याची, आणि सीटवर पाखरांची शिट मिळाली तरी तक्रार नाही. कचेरीत मात्र साहेबाची गाडी पोर्चमध्ये आणि शिपायाची सायकल कुंपणाला. छप्पर कुणाला मिळतं, हे दर्जाच्या उतरंडीनंच ठरलेलं असायचं.

पावसाचं तसं कोकणासारखं नाही. खानदेश सह्याद्रीच्या पलीकडचा, पाऊस बेताचा. पण काळी माती मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि तिच्यातली ओल लोखंडाला धरून राहते. गंज धरतो तो त्या ओलीनं. चामड्याची सीट भिजली की फुगते, मग उन्हात तडकते. म्हणून सीटवर प्लास्टिकची पिशवी. साखळीला तेल, रिमला तेलाचा बोळा. आणि पावसाळ्याआधी दुकानात नेऊन 'ओव्हरऑइल'! मूळ शब्द ओव्हरहॉल, पण छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरायचं, तर लोकांनी केलेला शब्द जास्त बरोबर वाटतो. धुळ्यात कॅप्टन ब्रिग्जच्या काळापासूनच्या सरळ आखलेल्या गल्ल्या आहेत. तिथे रात्री सायकल पायऱ्यांवरून उचलून ओट्यावर घ्यायची. आमच्या घरी हे काम धाकट्याचं. माणसं अंगणात झोपायची, सायकल छपराखाली.

तुम्ही हसलात, पण यात काही चुकीचं नव्हतं. माणूस भिजला तर सकाळी वाळतो. सायकल गंजली तर पोटावर पाय येतो.

आता सार्वजनिक सोय काय होती? राज्यातल्या अनेक नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. नसला तर पकडायचे. त्या करातून सायकलला छप्पर मिळालं असं मात्र फारसं दिसत नाही. छप्पर मिळालं ते सायकल स्टँडवाल्याकडून. स्टेशन, सिनेमा, कोर्ट, बाजार यांच्या बाजूला बांबू, तट्टे, पत्रे टाकून त्यानं पाच-दहा पैशांत सावली विकली. जोडनंबराचे दोन बिल्ले, एक हँडलला, एक तुमच्या खिशात. चोरीचा बंदोबस्त म्हणून आपण त्याला ओळखतो. खरं तर तो हवामानाचाही रखवालदार होता. पुढे मोटारसायकली वाढल्या, त्याच पत्र्याखाली त्या आल्या, आणि सायकल पुन्हा बाहेर सरकली.

ही जुनी गोष्ट नाही. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. उत्तम योजना. पण शाळेत गेल्यावर त्या सायकली कुठे उभ्या राहतात? बऱ्याच ठिकाणी कुंपणाला, उन्हात. टायर तडकला, दुरुस्तीला पैसे नाहीत, की त्या घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलीला शाळेत पाठवायचं की नाही हा. सायकल दिल्याची नोंद कागदावर राहते. ती किती पावसाळे चालली, याची कोण ठेवतो?

म्हणून आमची एकच विनंती आहे. उद्या आपल्या गावच्या शाळेत दुपारी दोन वाजता जा. किती सायकली सावलीत आहेत आणि किती उन्हात, एवढं मोजा. मग चार खांब आणि दहा पत्र्यांचा खर्च किती येतो ते विचारा.