करंगळी वाकत नाही? मग तो माणूस नाही! सव्वा वर्षात गुंडाळलेल्या ‘द इन्व्हेडर्स’ची गोष्ट

रात्रीची वेळ. एक आर्किटेक्ट एकटाच गाडी चालवतोय. डोळ्यांवर झोप आहे, जवळचा रस्ता शोधायच्या नादात वाट चुकलेली आहे. आडबाजूला एक बंद पडलेलं हॉटेल दिसतं म्हणून तो गाडी थांबवतो. डोळा लागणार इतक्यात आकाशातून एक उडती तबकडी खाली उतरते.

तो पोलिसांना घेऊन त्याच जागी परत येतो. तिथे तबकडी नाही. तबकडी सोडा, हॉटेलच्या पाटीवरचं नावसुद्धा रात्रीपेक्षा वेगळं आहे. शेजारी एक नवविवाहित जोडपं मुक्कामाला आहे, तेही सांगतं की रात्री काहीच घडलं नाही. फक्त त्या नवऱ्याच्या हाताची करंगळी जरा विचित्र आहे. ती वाकत नाही.

१० जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘द इन्व्हेडर्स’ या मालिकेचा पहिला भाग लागला, तो असा. त्याचं नाव होतं ‘बीचहेड’. शेवटचा भाग लागला २६ मार्च १९६८ रोजी. दोन सीझन, ४३ भाग, संपलं. त्याच काळातल्या ‘स्टार ट्रेक’सारखे पुढे सिनेमे नाहीत, भलामोठा व्याप नाही. तरीही साठच्या दशकातल्या टीव्हीचा विषय निघाला की विज्ञानकथांचे चाहते ही मालिका हमखास काढतात.

मालिकेच्या नावाचा सरळ अर्थ आक्रमक. पण गोष्ट पाहिली तर मराठीत ‘घुसखोर’ हाच शब्द जास्त बसतो. कारण इथे फौजा उतरत नाहीत, शहरं जळत नाहीत. परग्रहावरचे लोक माणसाचं रूप घेऊन नोकऱ्या करतात, कारखाने चालवतात, शेजारी राहतात.

पुरावाच उरत नाही

त्यांचा ग्रह मरायला टेकलाय आणि त्यांना पृथ्वी हवी आहे, एवढंच कारण मालिका सांगते. त्यांचं खरं रूप कसं आहे हे क्वचितच, तेही ओझरतं दिसतं. माणसाच्या रूपात मात्र काही खुणा राहतात. हृदयाचे ठोके नाहीत, नाडी लागत नाही, जखम झाली तर रक्त येत नाही. चेहऱ्यावर भावना नाहीत. ठरावीक काळाने त्यांना काचेच्या नळकांड्यासारख्या यंत्रात जाऊन माणसाचं रूप टिकवून घ्यावं लागतं, नाहीतर मरण. आणि काहींची करंगळी आखडलेली असते.

‘काहींची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालिकेची ओळखच करंगळी झाली, पण प्रत्यक्षात बहुतेक घुसखोरांचा हात अगदी धडधाकट असतो. लेखकांनी ही खूण सोयीप्रमाणे वापरली आणि सोयीप्रमाणे बाजूला ठेवली. प्रेक्षक मात्र प्रत्येक भागात पाहुण्या कलाकाराच्या हाताकडे बघत बसायचे. (आपल्याकडे शाळेत करंगळी वर केली की तिचा अर्थ वेगळा होतो, ते असो.)

खरी हुशारी दुसऱ्या एका नियमात होती. घुसखोर मेला की त्याचं शरीर लाल प्रकाशाने उजळतं आणि नाहीसं होतं. मागे उरते थोडी राख. म्हणजे नायकाने कितीही घुसखोर मारले तरी पोलिसांसमोर ठेवायला मृतदेह मिळत नाही. उलट त्यांनी माणूस मारला तर तो नैसर्गिक मृत्यू वाटतो. त्यांच्याकडे तळहातात मावेल अशी एक चकती असते, तिच्यावर पाच दिवे. ती मानेमागे टेकवली की माणूस मरतो आणि डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाचा दाखला देऊन मोकळे होतात.

या एका नियमावर अख्खी मालिका उभी आहे. डेव्हिड व्हिन्सेंट खरं बोलतोय हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांपासून माहीत आहे. गोष्टीतल्या लोकांना मात्र तो भ्रमिष्ट वाटतो, आणि त्यांचंही काही चुकत नाही. पुरावा मागणं हा शहाणपणाच आहे.

एक हात नसलेला माणूस आणि आखडलेली करंगळी

मालिकेची कल्पना लॅरी कोहेन यांची. पुढे ‘इट्स अलाइव्ह’सारखे कमी पैशातले भयपट त्यांनी काढले. २००२ मध्ये आलेल्या ‘फोन बूथ’ या गाजलेल्या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच.

निर्मिती होती क्विन मार्टिन यांच्या कंपनीची. मार्टिन हे तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीवरचं मोठं नाव. ‘द अनटचेबल्स’, ‘द एफबीआय’ आणि सगळ्यात गाजलेली ‘द फ्युजिटिव्ह’ या त्यांच्या मालिका. पोलीस, गुन्हेगार, पाठलाग हे त्यांचं मैदान. विज्ञानकथेत त्यांनी पहिल्यांदाच हात घातला होता, पण साचा घरचाच वापरला. एपिसोडचे चार अंक, प्रत्येक अंकाच्या आधी पडद्यावर पाटी, शेवटी छोटा उपसंहार. थोडक्यात, पोलिसी मालिकेच्या चौकटीत परग्रहवासी आणून बसवले.

‘द फ्युजिटिव्ह’चं ऋण तर उघडच आहे. त्या मालिकेत डॉ. रिचर्ड किंबलवर बायकोच्या खुनाचा खोटा आरोप आहे. खरा खुनी म्हणजे एक हात नसलेला माणूस. त्याला शोधत किंबल गावोगाव भटकतो, दर आठवड्याला नवं गाव, नवी माणसं. ‘द इन्व्हेडर्स’मध्ये किंबलच्या जागी व्हिन्सेंट आला आणि तुटलेल्या हाताच्या जागी आखडलेली करंगळी. दोन्ही मालिकांचे निर्माते म्हणून काम पाहिलं तेही ॲलन आर्मर यांनीच.

व्हिन्सेंटची भूमिका केली रॉय थिनेस यांनी. ते फार मोठे स्टार नव्हते, आणि ते बरंच झालं. या नायकाकडे बंदूक चालवण्याचं खास कौशल्य नाही, विनोद करायची सवय नाही. तो सतत थकलेला आणि जरा चिडलेला दिसतो. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असा माणूस तसाच दिसणार. संगीत डॉमिनिक फ्रंटियर यांचं. त्याआधी ‘द आउटर लिमिट्स’ या विज्ञानकथा मालिकेचं संगीत त्यांनी केलं होतं, आणि तीच अस्वस्थ करणारी धाटणी इथेही ऐकू येते.

शेजाऱ्याची भीती कुठून आली?

शेजारी दिसतो तसा नाही, ही भीती अमेरिकेत तेव्हा नवी नव्हती. १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सरकारी खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला आणि पुढची काही वर्षं संशयाचं राज्य होतं. हॉलिवूडमध्ये लेखक-दिग्दर्शकांच्या काळ्या याद्या झाल्या, लोकांची कामं गेली. १९५६ चा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हा चित्रपट याच हवेत तयार झाला. त्यात गावातली माणसं एकेक करून बदलली जातात, बाहेरून तशीच दिसतात, आतून वेगळीच. ‘द इन्व्हेडर्स’ने ही कल्पना गावातून काढून देशभर पसरवली.

आणि तबकड्यांचं म्हणाल तर १९६६ साली त्या रोजच्या बातम्यांतच होत्या. मार्चमध्ये मिशिगन राज्यात लोकांना आकाशात विचित्र दिवे दिसले. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी काही घटनांसाठी दलदलीतल्या वायूचं कारण पुढे केलं आणि त्यांची भरपूर टिंगल झाली. मिशिगनचे तेव्हाचे खासदार जेरल्ड फोर्ड, म्हणजे पुढचे राष्ट्राध्यक्ष, यांनी संसदेमार्फत चौकशीची मागणी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस हवाई दलाच्या पैशांवर कोलोरॅडो विद्यापीठात तबकड्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रमुख होते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन.

या कॉन्डन यांची गोष्ट मालिकेत घातली असती तर कुणाला पटली नसती. १९४८ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने याच कॉन्डन यांच्यावर बोट ठेवलं होतं. अणुगुपितांच्या सुरक्षेतला कच्चा दुवा म्हणजे हा माणूस, असं समितीचं म्हणणं होतं. म्हणजे ज्याला स्वतःला एकदा घुसखोर ठरवलं गेलं, त्याच्याकडेच आकाशातले घुसखोर खरे की खोटे हे तपासायचं काम आलं. १९६९ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या विषयाच्या आणखी अभ्यासातून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागणार नाही, हा त्याचा निष्कर्ष. तोवर ‘द इन्व्हेडर्स’ बंद पडली होती.

मालिकेची दुखरी बाजू

आज ही मालिका पाहताना एक गोष्ट खटकते. मॅकार्थीच्या काळात निर्दोष लोकांवर संशय घेतला गेला. इथे मात्र संशय घेणारा नायक आहे आणि तो नेहमी बरोबर निघतो. शत्रूला रक्त नाही, भावना नाहीत, मेला तर प्रेत नाही. त्याला मारताना कुणाला वाईट वाटायचं कारणच ठेवलेलं नाही. एखाद्या समाजाला माणूस न मानण्याची हीच तर पहिली पायरी असते.

लेखकांना हे जाणवत असावं, कारण चांगले भाग नेमके या नियमाला तडा देणारे आहेत. ‘द म्युटेशन’मध्ये सुझान प्लेशेट यांनी केलेली घुसखोर स्त्री वेगळी आहे. तिला भावना आहेत. व्हिन्सेंटला फसवण्यासाठी पाठवलेली ही बाई त्याच्यात गुंतते, आणि तिच्या लोकांच्या दृष्टीने हा आजार ठरतो. ‘पॅनिक’मधला तरुण घुसखोर खरोखरच आजारी आहे. तो ज्याला हात लावेल तो गोठून मरतो, त्यामुळे माणसं आणि त्याचेच लोक दोघंही त्याच्या मागे आहेत. ‘द इनोसंट’मध्ये घुसखोर व्हिन्सेंटला पटवू पाहतात की आम्ही मदतीला आलोय. त्यांचा प्रतिनिधी झालाय मायकल रेनी. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये शांतीचा संदेश घेऊन आलेला परग्रहवासी यांनीच केला होता. तोच चेहरा इथे वापरून प्रेक्षकालाही क्षणभर गोंधळात टाकलंय.

‘द आयव्ही कर्टन’ हा भाग वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. त्यात घुसखोरांची शाळा आहे. माणसासारखं कसं वागायचं, बोलायचं, हे तिथे वर्गात शिकवतात.

मग बंद का पडली?

मंगळवारी रात्री साडेआठला समोर सीबीएसवर रेड स्केल्टन यांचा विनोदी कार्यक्रम असायचा. तो अमेरिकेतल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत होता. ही टक्कर कुणालाही जड गेली असती.

पण अडचण घरातही होती. ज्या नियमाने पहिला भाग थरारक केला, त्यानेच पुढचे भाग बांधून ठेवले. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी पुरावा नष्ट व्हायलाच हवा, नाहीतर गोष्ट संपेल. वीस भाग पाहिल्यावर प्रेक्षकाला कळतं की हाही पुरावा जळणार. हे ओळखूनच दुसऱ्या सीझनच्या मध्यावर, डिसेंबर १९६७ मध्ये, ‘द बिलीव्हर्स’ हा भाग आला. त्यात व्हिन्सेंटला सोबती मिळतात. उद्योजक एडगर स्कोव्हिल आणि घुसखोरांवर विश्वास ठेवणारा एक छोटा गट. केंट स्मिथ यांनी केलेला स्कोव्हिल पुढे बऱ्याच भागांत दिसतो. चाहत्यांचे इथे दोन तट आहेत. गोष्ट यामुळे पुढे सरकली हे खरं, पण एकट्या माणसाची ती घुसमट गेली, आणि मालिकेची ताकद तीच होती.

सगळ्यात मोठी हळहळ शेवटाची. २९ ऑगस्ट १९६७ रोजी ‘द फ्युजिटिव्ह’चा अखेरचा भाग लागला. किंबल निर्दोष ठरला आणि तो भाग पाहायला अमेरिकेत विक्रमी प्रेक्षक जमले. बरोबर एका आठवड्याने, ५ सप्टेंबरला, त्याच वाहिनीवर ‘द इन्व्हेडर्स’चा दुसरा सीझन सुरू झाला. मालिकेला नीट शेवट दिला तर लोक तुटून पडतात हे त्याच निर्मात्याने नुकतंच पाहिलेलं होतं. तरी व्हिन्सेंटच्या वाट्याला शेवट आला नाही. ‘इन्क्विझिशन’ हा ४३ वा भाग संपतो, आणि घुसखोर तिथेच आहेत.

भाग कमी असण्याचा फटका नंतरही बसला. अमेरिकेत जुन्या मालिका स्थानिक वाहिन्यांवर रोज दाखवतात, त्यासाठी भागांचा मोठा साठा लागतो. ‘स्टार ट्रेक’कडे ७९ भाग होते आणि पुनःप्रक्षेपणातूनच ती मोठी झाली. ४३ भाग रोज लावले तर दोन महिन्यांत संपतात.

फ्रान्समध्ये मात्र उलटं झालं. १९६९ पासून ‘ले आनव्हाईस्यर’ नावाने ती तिकडे लागली आणि अमेरिकेपेक्षा जास्त रुजली. डेव्हिड व्हिन्सेंट हे नाव आणि ती करंगळी तिथे विनोदांपर्यंत पोहोचली.

१९९५ मध्ये फॉक्स वाहिनीने ‘द इन्व्हेडर्स’ नावाचीच दोन भागांची लघुमालिका काढली. नायक होते स्कॉट बॅक्युला, आणि वयस्कर डेव्हिड व्हिन्सेंट म्हणून थिनेस थोडा वेळ दिसले. ती फारशी चालली नाही. त्यापेक्षा मजेशीर निवड ‘द एक्स-फाइल्स’ने केली. १९९६ मध्ये त्यांनी थिनेस यांना जेरेमाया स्मिथची भूमिका दिली. हा स्मिथ माणसाच्या रूपात सरकारी नोकरी करणारा परग्रहवासी आहे.

मूळ मालिकेचे दोन्ही सीझन नंतर डीव्हीडीवर आले. सगळे ४३ भाग सलग पाहायला गेलं तर साचा लवकर कंटाळा आणतो. ‘बीचहेड’ आधी पाहावा, मग ‘द म्युटेशन’, ‘द आयव्ही कर्टन’ आणि ‘पॅनिक’. दुसऱ्या सीझनमधून ‘द स्पोअर्स’ चुकवू नये. जगभर नाव होण्याआधीचे जीन हॅकमन त्यात घुसखोर झालेत, आणि अख्खा भाग फिरतो तो हातोहात जाणाऱ्या एका सुटकेसभोवती.