विश्लेषण: लांब पल्ल्याच्या धावपटूला वर्षभर घराबाहेर का राहावे लागते?

मावळातले शिरगाव असो की बीडमधले आष्टी, महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. बहुतेक जण पोलीस किंवा लष्कर भरतीची तयारी करत असतात. अशाच भरतीतून लष्करात गेलेला अविनाश साबळे पुढे ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याची शर्यत जेमतेम आठ मिनिटांची. पण त्या आठ मिनिटांसाठी वर्षातले कित्येक महिने घरापासून लांब, दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात काढावे लागतात. हे फिरतीचे आयुष्य कसे असते, ते टाळता का येत नाही आणि गावातल्या होतकरू धावपटूने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

अविनाश साबळेची शर्यत कोणती?

अविनाशचा जन्म १९९४ मधला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. बारावीनंतर तो लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान आणि सिक्कीम इथे त्याची नेमणूक झाली. २०१५ मध्ये तो लष्करातल्या क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला. क्रॉस-कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळ, चिखल, गवत आणि चढउतारावरची धाव. बर्फावर स्की बांधून होणारी क्रॉस-कंट्री वेगळी. ते खेळाडू बर्फाच्या मागे देशोदेशी फिरतात, तर धावपटू डोंगरावरच्या विरळ हवेच्या मागे.

२०१७ मध्ये अविनाश ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. हर्डल्ससारखा हा अडथळा धक्का लागून पडत नाही. पाय अडकला तर धावपटूच पडतो. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य, तर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथे तो अकरावा आला.

भरतीची धाव आणि जागतिक धाव यांत किती अंतर?

लष्कर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. ही वेळ साधायलाच अनेकांना काही महिने तयारी करावी लागते. अविनाशची सर्वोत्तम वेळ ३००० मीटरसाठी ८ मिनिटे ९.९१ सेकंद आहे. हाच वेग १६०० मीटरला लावला तर साधारण ४ मिनिटे २१ सेकंद होतात. म्हणजे भरतीतल्या पूर्ण गुणांच्या वेळेपेक्षा एक मिनिटाहून अधिक वेगवान, तेही जवळपास दुप्पट अंतर आणि ३५ उड्यांसह.

हे मिनिटभराचे अंतर निव्वळ जिद्दीने कापता येत नाही. या पातळीवर धावपटू आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या आसपास धावतो, बहुतेक दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. मधल्या वेळेत खाणे, झोप आणि मालिश. असे आयुष्य नोकरी, शेती किंवा घरची कामे सांभाळून जगणे जवळपास अशक्य असते. घर सुटण्याचे पहिले कारण हे.

उंचावरचा सराव महाराष्ट्रात का होत नाही?

दुसरे कारण भूगोलाचे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही घटतो. दोन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असतो. ही कमतरता भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करतात, त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना जास्त प्राणवायू पोहोचतो. या बदलाला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. खाली परतल्यावर त्याचा फायदा काही आठवडेच टिकतो. म्हणून एकदा जाऊन भागत नाही, दर हंगामात पुन्हा जावे लागते.

या विषयाकडे जगाचे लक्ष गेले ते १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमुळे. ते शहर सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तिथे लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वेळा मंदावल्या आणि उंचावरच वाढलेले केनिया, इथिओपियाचे धावपटू पुढे आले.

सरावासाठी साधारण दोन ते अडीच हजार मीटर उंची योग्य मानली जाते. आता आपल्याकडे पाहू. शिरगावचा परिसर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. लोणावळा त्याहून थोडेसेच उंच, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे शिखरावर तंबू ठोकला तरी दोन हजार मीटर भरत नाहीत. म्हणून महाराष्ट्राचा धावपटू तमिळनाडूतल्या उटीला (सुमारे २२४० मीटर), हिमाचलातल्या शिलारू इथल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात (सुमारे ८ हजार फूट) किंवा परदेशी जातो. अविनाशने अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे दीर्घकाळ सराव केला. हे शहर सुमारे १८४० मीटरवर असून भोवतीचे डोंगर त्याहून बरेच उंच आहेत. भारताचा गुलवीर सिंगही तिथे सराव करत आला आहे.

स्पर्धांसाठीही परदेशी का जावे लागते?

वेळ कमी करायची तर बरोबरीचे किंवा वरचढ प्रतिस्पर्धी लागतात. एकटा पुढे धावणारा धावपटू वारा अंगावर घेतो आणि वेगाचा अंदाजही त्याला एकट्यालाच बांधावा लागतो. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांचा वेग ठरवून देणारे 'पेसमेकर' असतात आणि मागून दहा-बारा जण रेटत असतात.

अविनाशचा २०२२ चा हंगाम पाहिला की हे स्पष्ट होते.

• मार्च, तिरुवनंतपुरम : ८ मिनिटे १६.२१ सेकंद
• जून, मोरोक्कोतील रबात (डायमंड लीग) : ८ मिनिटे १२.४८ सेकंद
• ऑगस्ट, बर्मिंगहॅम (राष्ट्रकुल स्पर्धा) : ८ मिनिटे ११.२० सेकंद

एकाच वर्षात तीन वेळा राष्ट्रीय विक्रम, तीन खंडांत. बर्मिंगहॅमला सुवर्ण मिळवणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता अवघ्या ०.०५ सेकंदाने. राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून केनियाकडेच जात होती, ती साखळी त्या दिवशी तुटली.

याशिवाय पात्रतेचा प्रश्न असतो. पॅरिस ऑलिम्पिकसाठी ८ मिनिटे १५ सेकंद ही पात्रता वेळ होती. अविनाशने ती जुलै २०२३ मध्ये पोलंडमधल्या डायमंड लीग स्पर्धेत पार केली. वेळ गाठता आली नाही तर जागतिक क्रमवारीतून संधी मिळते, पण तिथेही स्पर्धा जितकी मोठी तितके गुण जास्त. घरच्या मैदानावर कितीही शर्यती जिंकल्या तरी या दोन्ही बाबतीत धावपटू मागे पडण्याची शक्यता राहते.

प्रवासातल्या अडचणी कोणत्या?

पहिली व्हिसाची. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. उन्हाळी हंगामातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा युरोपात असतात, त्यामुळे कोणत्या शर्यतीसाठी कधी जायचे आणि मध्ये कुठे राहायचे याचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

दुसरी झोपेची. घड्याळ जितके तास बदलते, साधारण तितके दिवस शरीराला रुळायला लागतात. अमेरिकेतून युरोपात जाऊन तिसऱ्या दिवशी धावणाऱ्याला आठ तासांचा फरक अंगावर घेऊनच रेषेवर उभे राहावे लागते.

तिसरी, फारशी चर्चेत नसलेली अडचण उत्तेजक चाचणीच्या नियमांची. नोंदणीकृत चाचणी गटातल्या खेळाडूला दर तीन महिन्यांसाठी आपला ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो. रात्री कुठे मुक्काम, सराव कुठे, आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला एक तास असा, की तेव्हा चाचणी पथक आले तर तो हमखास सापडेल. विमान चुकले, हॉटेल बदलले किंवा अचानक गावी जावे लागले, तरी नोंद बदलायची. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या, तर शरीरात काहीही न सापडताही दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. सर्दी-खोकल्याचे औषध परक्या देशातल्या दुकानातून घेतानाही त्यावरचे घटक तपासावे लागतात.

खर्च कोण उचलतो?

बहुतेक भारतीय धावपटूंना आधार असतो तो नोकरीचा. लष्कर, रेल्वे, पोलीस यांतली नोकरी पगार देते आणि सरावासाठी वेळही. पुण्यात २००१ मध्ये सुरू झालेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट याच विचारातून उभी राहिली. निवडक खेळाडूंचा परदेशातला सराव, प्रशिक्षक आणि प्रवास यांचा खर्च केंद्र सरकारच्या 'टार्गेट ऑलिम्पिक पोडियम' योजनेतून होतो. तिच्या मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला ५० हजार रुपये भत्ताही मिळतो.

बक्षिसाच्या पैशांवर विसंबता येत नाही. २०२४ मध्ये डायमंड लीगच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला १० हजार डॉलर मिळत आणि खालच्या क्रमांकांची रक्कम वेगाने कमी होत जाई. अविनाशने पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये आपली सर्वोत्तम वेळ दिली, तेव्हा तो सहावा होता. म्हणजे कारकिर्दीतली सर्वात वेगवान धावही मोठी कमाई देईलच असे नाही.

एवढे करूनही हाती काय लागते?

कधी कधी काहीच नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत अविनाशने ८ मिनिटे १८.१२ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला, तरी तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. २०२५ मध्ये त्याने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकले, पण जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीशी पडून त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हुकली. दुखापत झाली की उंचावरचा सराव, ठरलेल्या शर्यती, काढलेले व्हिसा सगळे एकदम थांबते. उरतो तो नोकरीचा आधार. म्हणूनच गावाकडचे पालक 'आधी भरती, मग खेळ' म्हणतात, त्यात भित्रेपणापेक्षा व्यवहार अधिक आहे.

शिरगावच्या मुला-मुलींनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, घाई नको. अविनाश स्पर्धात्मक क्रॉस-कंट्रीत आला तो विशीनंतर. वयाच्या सोळाव्या वर्षी उंचावरच्या शिबिराची गरज नसते. पाया घडतो तो रोजच्या संथ लांब धावेने, आणि त्यासाठी मावळातले मातीचे रस्ते आणि घाटाचे चढ पुरेसे आहेत. डांबरापेक्षा मातीवर धावल्यास पायांना हादरेही कमी बसतात.

दुसरी, वेळ नोंदवत राहणे. शिरगावकरांना सोयीचा मोठा सिंथेटिक ट्रॅक पुण्याजवळ बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांत अधिकृत वेळ नोंदली गेली, तरच पुढच्या निवडीसाठी ती उपयोगी पडते.

तिसरी, ही वाट मुलींसाठीही खुली आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकले.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी. मुलगा किंवा मुलगी या वाटेने खरोखर पुढे गेली, तर सणावाराला, लग्नकार्याला, कधी घरच्या आजारपणातही ती जवळ नसेल. हे आधीच समजून घेतलेले बरे. गावातली पहाटेची धाव फुकट असते, तिच्यापुढच्या प्रत्येक टप्प्याला मात्र घरापासूनचे अंतर मोजावे लागते.