उतारावरचा थांबा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत विमानतळ नाही. तरीही लहान विमानतळावर दिशादर्शनाच्या आणि सुरक्षेच्या सोयी कशा आखाव्यात हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने या दोन तालुक्यांचा इतिहास आधी वाचावा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेला कल्याण, सोपारा, मुंबई ही बंदरे, अशा जागी हे तालुके वसले आहेत. देशावरून कोकणात येणारे बैलांचे तांडे याच भिंतीवरून उतरले, मग आगगाडी उतरली, आणि आता विमानेही याच भिंतीवरून मुंबईकडे खाली येतात. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते. चढताना ताकद कमी पडली तर चालणारा आपोआप थांबतो. उतरताना ताबा सुटला तर थांबणेच हातात राहत नाही. या उतरणीचा जुना हिशेब तपासला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रवाशाच्या सावधपणावर सोडलेली सुरक्षा कधी तरी दगा देते. उतारावर आधी थांबायला लावणारी, ताबा शाबूत आहे याची खात्री पटेपर्यंत पुढची वाट बंद ठेवणारी व्यवस्था मात्र पिढ्यान् पिढ्या काम देते.

सगळ्यात जुना पुरावा मुरबाड तालुक्याच्या हद्दीवर आहे. वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते आणि वर जुन्नरच्या पठारावर निघते. माथ्यालगत सातवाहनकालीन लेणे आहे. त्यातला राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो आणि त्यातल्या अंकचिन्हांमुळे तो जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. इथे शंका घेणारा म्हणेल की मोठा लेख यज्ञांची आणि दक्षिणेची यादी देतो, जकातीचा दर देत नाही, तेव्हा रांजणाची गोष्ट ही गोष्टच असू शकते. शंका रास्त आहे. पण माझा मुद्दा रांजणावर उभा नाही. कोरीव पाण्याची टाकी तिथे आहेतच, आणि त्यांपैकी एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचे तिथल्याच लहान लेखात कोरले आहे. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचे बंदर. बंदरातल्या माणसाने काही दिवसांच्या वाटेवरच्या डोंगरात पाण्याचे टाके खोदवले, यामागे पुण्याची इच्छा असेलच, पण जागेची निवड पाहावी. टाके सपाटीवरच्या एखाद्या सोयीच्या मुक्कामी नाही, जिथे उतरण सुरू होते तिथे आहे. लेणे, पाणी, शेजारी जीवधनसारख्या किल्ल्याचा पहारा आणि खालून मैलोन् मैल ओळखू येणारा नानाचा अंगठा हा सुळका, या सगळ्यांनी मिळून तांड्याला माथ्यावर थांबणे भाग पाडले. जनावरे पाणी पीत, ओझी पुन्हा आवळली जात, मागे राहिलेले येऊन मिळत. हा थांबा कोणी सुरक्षेसाठी आखला होता असे मी म्हणत नाही. महसूल, धर्म आणि राजाची कीर्ती ही त्याची कारणे असू शकतात. पण त्याने सुरक्षेचे काम केले, आणि त्याचा खर्च निदान काही प्रमाणात वाट वापरणाऱ्यांनी उचलला.

शहापूर तालुक्यात मात्र हाच थांबा जाणीवपूर्वक, कागदावर आखून बांधला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये ठाण्याला, १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वाशिंदला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोचली. पुढचे इगतपुरी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण तिथे पोचायला आणखी चार वर्षे गेली. थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला, आणि त्याची आखणी करणारे मुख्य अभियंते जेम्स बर्कली तो पाहायला हयात नव्हते, त्यांचे १८६२ मध्ये निधन झाले होते. नऊ-सव्वानऊ मैलांत सुमारे ९७० फुटांची चढण, आणि सर्वांत तीव्र जागी सदतिसास एक असा उतार, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट खाली. पायी चालणाऱ्याला हा उतार जाणवणारही नाही. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला मात्र तो पुरून उरतो. चाक आणि रूळ यांच्यात घर्षण इतके थोडे असते की सपाटीवर हाच गुण गाडीला स्वस्त बनवतो, आणि घाटात तोच जिवावर उठतो. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, त्यामुळे सुरुवातीच्या काही सेकंदांत आवरली नाही तर गाडी नंतर आवरत नाही. त्या काळी तर संपूर्ण गाडीला एकत्र लागणारा ब्रेकही नव्हता. ठरावीक डब्यांतले ब्रेकवाले इंजिनाची शिटी ऐकून हाताने चाकी फिरवून ब्रेक आवळत. पावसाळ्यात, बोगद्यात, धुरात ती शिटी प्रत्येकाला ऐकू आलीच पाहिजे, हे गृहीत धरून गाडी उतरत असे. दक्षिणेकडच्या भोर घाटात जानेवारी १८६९ मध्ये उतरणारी मेल आवरली नाही आणि जिथे गाडीची दिशा उलटवत त्या स्थानकापाशी मोठा अपघात झाला. म्हणजे ज्या भीतीने अभियंत्यांची झोप उडाली होती, ती कल्पनेतली नव्हती.

या भीतीवर दोन्ही घाटांत जे उत्तर रूढ झाले, त्याला रेल्वेतली माणसे आजही कॅच सायडिंग म्हणतात. उतरत्या मुख्य मार्गातून एक फाटा डोंगराच्या बाजूने उलट चढावर नेलेला असतो. खरी युक्ती त्या फाट्यात नाही, गाडीला या किंवा त्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याच्या नेहमीच्या स्थितीत आहे. सांधा एरवी फाट्याच्या बाजूने लावलेला असतो. मुख्य मार्ग खुला नसणे हीच तिथली रोजची अवस्था. उतरणाऱ्या गाडीने सिग्नलपाशी पूर्ण थांबायचे, ठरलेला वेळ उभे राहायचे, आणि ब्रेक धरतात हे अशा रीतीने सिद्ध झाले की मगच सांधा मुख्य मार्गाला जोडला जातो. जी गाडी थांबू शकत नाही, तिला कोणी ओळखून, धावत जाऊन, वेळेत सांधा फिरवण्याची गरजच नाही. ती आपोआप चढावर जाते आणि तिथे तिचा वेग मरतो. इथे चालक झोपलेला आहे की दक्ष, ब्रेक फुटला की विसरला गेला, हे प्रश्न त्या क्षणापुरते गैरलागू ठरतात. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली, वाफेची इंजिने गेली, ज्यांना लोक खेकडा म्हणत ती विजेची इंजिने आली आणि कालांतराने तीही गेली, गाड्यांना मागून रेटणारे बँकर अनेकदा बदलले. उतारावर थांबून दाखवण्याचा नियम मात्र राहिला. नाशिकहून मुंबईला येणारा प्रवासी इगतपुरी सुटल्यावर मध्येच गाडी उभी राहिली म्हणून चडफडतो. तो थांबा मुद्दाम ठेवलेला आहे.

आता हवेतली उतरण. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे प्रवासी विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. सिडनीहून निघून रोमला जायचे, वाटेत मुंबईचा थांबा. पावसाळी अंधारात वैमानिकांना वाटले की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, आणि सरळ धावपट्टीच्या रोखाने उतरण्यासाठी त्यांनी उंची सोडायला सुरुवात केली. प्रत्यक्षात विमान मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, अजून घाटाच्या वरच होते. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, माथ्याच्या जेमतेम काही फूट खाली ते आदळले. विमानातले सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. ही जागा मुरबाडच्या डोक्यावर, म्हणजे नाणेघाट जिथे वर निघतो त्याच मुलखात आहे. चौकशीने तीन गोष्टींवर बोट ठेवले: आपली नेमकी जागा ठरवायला जी दिशादर्शक साधने उपलब्ध होती त्यांचा वापर केला गेला नाही, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणले गेले, आणि त्या मार्गावरच्या भूभागाची ओळख पुरेशी नव्हती. पहिल्या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. साधने होती आणि नियमही होता. ती वापरल्याशिवाय पुढचे पाऊल टाकताच येणार नाही, अशी अडवणूक मात्र कुठे नव्हती. सांधा मुख्य मार्गालाच लावलेला होता आणि सिग्नल पाहणे चालकाच्या मर्जीवर होते, असे रेल्वेच्या भाषेत म्हणता येईल. सतरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ रोजी, पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८ विमान पनवेलजवळच्या डोंगरात तसेच पावसात आदळले आणि ४५ जण दगावले. कंपनी वेगळी, विमान वेगळे, वैमानिक तर याच देशातले. भूभाग अनोळखी होता ही सबब इथे फार दूर नेत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. गाडी रुळावर असते, तिला फाट्यावर वळवता येते. विमान मोकळ्या आकाशात असते, त्याला कोण कुठे वळवणार? तुलनाच चुकीची. आक्षेपात तथ्य आहे, पण विमानविद्येने स्वतःच पुढे जाऊन हा फाटा बांधला, हे विसरता येत नाही. डॉन बेटमन या अभियंत्याने विकसित केलेले, जमीन धोकादायकरीत्या जवळ येत असल्याचे ओरडून सांगणारे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले, ते डिसेंबर १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या डोंगरावर टीडब्ल्यूएचे विमान आदळून ९२ जण गेल्यानंतर. तो अपघातही वेळेआधी उंची सोडल्याचाच होता. ते यंत्र वैमानिकाला तुझी जागा बरोबर आहे का असे विचारत नाही. तू चुकलेला आहेस असे धरून ते काम करते, आणि कॅच सायडिंगही नेमके तेच धरते. दुसरा आक्षेप जास्त बारकाईचा आहे: अशा व्यवस्था असल्या की माणूस निर्धास्त होतो आणि मूळ कौशल्य गंजते. घाटाचा अनुभव याला पूर्ण दुजोरा देत नाही. सायडिंग आपल्याला सावरील म्हणून कोणी चालक ब्रेककडे दुर्लक्ष करत नाही, कारण सायडिंगमध्ये शिरलेल्या गाडीची चौकशी होते आणि मार्ग तासन् तास अडतो. व्यवस्था जीव वाचवते, अब्रू वाचवत नाही. हा फरक टिकवला तर कौशल्यही टिकते.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत लहान विमानतळांची संख्या वाढते आहे. शिर्डी १ ऑक्टोबर २०१७ ला, सिंधुदुर्गातले चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला आणि अमरावतीचे बेलोरा एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाले. अशा ठिकाणी नेहमीचा युक्तिवाद असा असतो की दिवसाला दोन-चार उड्डाणे, त्यासाठी मोठ्या विमानतळासारखी यंत्रणा कशाला? या प्रश्नाला कसाऱ्याच्या घाटाने केव्हाच उत्तर दिले आहे. सुरुवातीला घाटातून जाणाऱ्या गाड्या आजच्या तुलनेत मोजक्याच होत्या. तरी उपाय ठरवताना माप लावावे लागले ते उताराचे, गाड्यांच्या संख्येचे नव्हे. लहान विमानतळावर तर धोका उलट वाढतो: रोजचा सराव कमी, हवामानाची माहिती तोकडी, आणि येणारा वैमानिक कदाचित वर्षातून एकदाच येणारा. म्हणून यादीत आधी काय घ्यावे हेही घाटच सुचवतो. टर्मिनलची काच आणि कमान यांच्या आधी उतरण्याच्या मार्गातल्या टेकड्यांवरचे दिवे, योग्य कोनात उतरतो आहोत की नाही हे लाल-पांढऱ्या रंगांत सांगणारे धावपट्टीशेजारचे दिवे, जागेवरच मोजलेली दृश्यता, आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर उतरण्याची परवानगीच न देण्याचा कडक नियम. यातले शेवटचे सर्वांत स्वस्त आहे, आणि पाहुणा मोठा असला की नेमके तेच आधी वाकवले जाते.

धावपट्टीच्या टोकाचा प्रश्न मात्र स्वस्त नाही. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला १५८ आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडेला २१ जीव गेले, ते विमान पठारी धावपट्टीच्या पुढे निघून खाली गेल्यामुळे. आंतरराष्ट्रीय मानके टोकापलीकडे किमान ९० मीटरचा सुरक्षा पट्टा मागतात आणि २४० मीटरची शिफारस करतात. शिवाय चाकांखाली चुरडला जाणारा हलका काँक्रीटचा थरही मिळतो, जो विमानाचा वेग गिळतो. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर असा थर १९९६ मध्ये बसवला आणि १९९९ मध्ये त्याने एक विमान प्रत्यक्ष थोपवले. हे हवाई कॅच सायडिंगच. तो महाग पडतो, वापरला गेला की पुन्हा घालावा लागतो, म्हणून आपल्याकडे कल जमीन वाढवून घेण्याकडे असतो. इथे थळ घाटाचे उदाहरण अपुरे पडते, हे मान्य करायला हवे. १८६० च्या दशकात डोंगरात मार्ग काढताना कंपनीला कोणा ठाकर-कातकऱ्याची परवानगी घ्यावी लागली नाही. आज टोकापलीकडचे दीडशे मीटर म्हणजे कोणाचे तरी भाताचे खाचर असते. याच जिल्ह्यात, कल्याणजवळच्या नेवाळीला, दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद संपला नाही. जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले तेव्हा युद्ध संपून सत्तर वर्षे उलटली होती. चुरडणाऱ्या थराची किंमत मांडताना तो कमी लांबीत तेच काम करतो, आणि वाचलेल्या लांबीवर कोणाची तरी शेती उभी राहते, ही बाजूही त्याच कागदावर लिहिली जायला हवी. आज ती बहुधा भूसंपादनाच्या वेगळ्या फायलीत, वेगळ्या खात्याच्या नावाने पडलेली असते, आणि अभियंत्याला थर महाग दिसतो तो त्यामुळेच.