बापाच्या नावाची रजा

सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये एक सरकारी भित्तिचित्र गाजले होते. त्यावर लेनार्ट डालग्रेन हा तिथला नामांकित वेटलिफ्टर होता. दंडाच्या बेडक्या फुगलेल्या आणि त्या दणकट हातांत एक तान्हे बाळ. बाळ सांभाळायला रजा घेतल्याने कुणाची मर्दानगी कमी होत नाही, हे सरकारला लोकांना सांगायचे होते.

असे सांगायची वेळ का आली? १९७४ साली स्वीडनने मातृत्व रजेच्या जागी 'पालक रजा' आणली. सहा महिने, पगाराच्या ९० टक्के भत्त्यासह. आईने घ्यावी किंवा बापाने. असे करणारा तो जगातला पहिला देश. त्यामागे नुसता उदारपणा नव्हता. कामासाठी बायकांचे हात हवे होते, १९७१ पासून नवराबायकोच्या कमाईवर वेगवेगळा कर लागू झाला होता आणि बाई नोकरीला गेली तर मूल कोण पाहणार, हा प्रश्न उभा होता. पण पहिल्या वर्षी बापांनी घेतलेली रजा एकूण दिवसांच्या जेमतेम अर्धा टक्का भरली. रजा दोघांची होती, पण ती बायकोनेच घ्यायची हे घरोघर न बोलता ठरून जाई.

आकडे हलले ते १९९५ नंतर. बेंग्ट वेस्टरबर्ग मंत्री असताना ठरलेला नियम असा होता: रजेतला एक महिना फक्त बापाचा. घेतला नाही तर बुडाला, बायकोच्या नावे करता येणार नाही. शेजारच्या नॉर्वेने हा मार्ग १९९३ मध्येच धरला होता. स्वीडनमध्ये एकाचे दोन महिने २००२ साली झाले, तीन २०१६ साली. आज एकूण ४८० दिवसांपैकी ९० दिवस असे राखीव आहेत आणि बापांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास गेला आहे. बुडणारी रजा मागताना बापाला साहेबापुढे फार बोलावे लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. हा इतिहास वाचताना मला कोकण आठवते. स्वीडन बापाला घरी बोलावत होता त्याच सुमारास, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यानंतर, रत्नागिरी-रायगडचे आमचे कितीतरी बाप आखाताकडे निघाले. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पक्की घरे, बहिणींची लग्ने, मुलांच्या फिया त्यांच्याच घामातून झाल्या. पण 'माझे अब्बा' या विषयावर निबंध दिला की अशा घरातली मुले अब्बांपेक्षा विमानतळाबद्दल जास्त लिहितात.

जे बाप इथेच आहेत त्यांचे काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ साली कायद्याने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. ते चांगलेच झाले, पण बापाच्या वाट्याला त्यात एक दिवसही आला नाही. रजा फक्त बाईला असली की मालक बाईलाच कामावर घ्यायला कचरतो. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी खाजगी आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही रजा मिळावी म्हणून लोकसभेत खाजगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. रिक्षावाला, कारखान्यातला कामगार, दुकानातला नोकर यांना मूल झाले तर रजा म्हणजे आजही पगारकपात.

कायदा व्हायला हवा, आणि त्यात बापाचे दिवस बापाच्याच नावे हवेत. तोवर मोहल्ल्यालाही काही करता येईल. आपण पालकसभा कामाच्या दिवशी भरदुपारी ठेवतो आणि वर म्हणतो, बाप येत नाहीत. ती रविवारी ठेवावी. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतून तिचे एलान व्हावे. सुट्टीवर आलेल्या अब्बांना शाळेने खास निरोप धाडावा. आणि लस द्यायला एखादा बाप मूल कडेवर घेऊन दवाखान्यात आला, तर रांगेतल्या कुणी "घरी बायको नाही का?" असे विचारू नये.