चिमूटभर तांबं

लहानपणी देवाची तांब्याची भांडी घासण्याचं काम माझ्याकडे असे. चिंच लावून लखलखीत केलेला तांब्या चार दिवसांत पुन्हा काळवंडायचा. हेच तांबं साता समुद्रापार प्रयोगशाळेतही माझी पाठ सोडणार नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मी तांब्याचे नॅनोकण बनवून ते उत्प्रेरक म्हणून वापरतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्हीकडची मंडळी एकत्र आणायची आणि आपण मोकळं व्हायचं.

तांब्याच्या या मध्यस्थीची हकिकत जिनिव्हात सुरू होते. १९०१ साली फ्रिट्झ उलमन यांनी तांब्याच्या पुडीच्या मदतीने दोन बेंझीन वलयं एकमेकांना जोडून दाखवली. १९०३ मध्ये त्यांनी अशाच रीतीने वलयाला नायट्रोजन जोडला. पण तांबं भरपूर लागे आणि तापमान बहुधा दोनशे अंशांच्या आसपास न्यावं लागे. मॉस्कोहून शिकण्यासाठी जिनिव्हाला आलेल्या इर्मा गोल्डबर्ग याच विषयावर काम करत होत्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नायट्रोजन जोडायला ढीगभर तांबं नको, चिमूटभर पुरतं. पुढे, १९१० साली, त्यांनी उलमन यांच्याशीच लग्न केलं. त्यांच्या नावाची अभिक्रिया आहे खरी, पण पुष्कळदा ती उलमन यांच्याच खात्यात जमा होते. मला हे खटकतं. भारतात घरोघरी माहीत असलेल्या मेफ्टालमधलं मेफेनॅमिक आम्ल याच जातीच्या अभिक्रियेने बनवता येतं, हे आमच्या घरी सांगितलं तेव्हा कुठे माझ्या कामाला थोडी किंमत आली!

चिमूट आणखी लहान करायची तर कण बारीक हवेत. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. अभिक्रिया पृष्ठभागावरच घडते, त्यामुळे हा फरक मोलाचा.

कृती स्वयंपाकासारखीच. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक पॉलिमर घालायचा, मग क जीवनसत्त्व घालून तापवायचं. निळा रंग जातो आणि हळूहळू तांबूस छटा येते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बाटली सगळ्यांना दाखवत फिरलो, आणि बूच नीट लावायला विसरलो. सकाळी पाहतो तर लाली गायब, द्रावण हिरवट! जितका कण बारीक, तितका तो हवेला लवकर बळी पडतो.

तेव्हापासून सगळं काम नायट्रोजन वायूत करतो आणि कण कार्बनच्या पुडीवर बसवतो. तरी रोज सकाळी आल्याआल्या आधी बाटलीचा रंग बघतो.