स्मृतीचा पत्ता शोधताना : कार्ल लॅश्ले यांची तीस वर्षे

शिकलेली गोष्ट मेंदूत नेमकी कोठे साठते? या एका प्रश्नासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ले (१८९०–१९५८) यांनी तीस वर्षांहून अधिक काळ वेचला आणि ती जागा सापडली नाही, असे अखेरीस स्वतःच लिहून ठेवले.

मिनेसोटा, शिकागो आणि नंतर हार्वर्ड येथे ते प्राध्यापक होते. १९४२ पासून फ्लोरिडातील यर्किस प्रयोगशाळेचे संचालकही झाले. त्या काळी मेंदूची कल्पना टेलिफोन एक्स्चेंजसारखी केली जाई. शिकणे म्हणजे संवेदना आणि हालचाल यांच्या केंद्रांमध्ये नवी तार जोडली जाणे. हे खरे असेल, तर तार कापताच शिकलेले पुसले जायला हवे.

लॅश्ले यांनी उंदरांना भूलभुलैयातून अन्नापर्यंत जाण्यास शिकवले. मग शस्त्रक्रियेने मेंदूच्या बाह्यपटलाचे निरनिराळे भाग काढले, कुठे केवळ छेद दिले आणि वाट आठवते का ते तपासले. छेद देऊनही उंदीर वाट काढीत. चुका वाढत त्या भाग किती काढला यानुसार. तो कोठून काढला याला फारसे महत्त्व नव्हते. १९२९ च्या ग्रंथात त्यांनी यावरून निष्कर्ष मांडला, की बाह्यपटलाचे भाग एकमेकांची जागा घेऊ शकतात आणि ते समूहाने कार्य करतात. १९५० मध्ये सर्व प्रयोगांचा आढावा घेताना, हा पुरावा पाहता शिकणे अशक्यच असावे, असा खेदमिश्रित विनोदही त्यांनी केला.

गफलत कोठे झाली? भूलभुलैया पार करताना उंदीर डोळे, नाक, मिशा आणि पायांची जाणीव असे सारेच वापरतो. एक मार्ग बंद झाला की दुसरा उपयोगी पडतो. शिवाय शोधाचा भर बाह्यपटलावरच होता.

त्यांचे विद्यार्थी डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले, की स्मृती ही एका जागी नसून एकत्र कार्य करणाऱ्या पेशींच्या जाळ्यात असते. पुढे रिचर्ड थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम सोपा धडा निवडला : ध्वनी ऐकताच सशाने पापणी मिटणे. १९८४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्याने दाखवले, की अनुमस्तिष्कातील लहानसा भाग निकामी केल्यास शिकलेली प्रतिक्रिया जाते. डोळ्यावर हवेचा झोत येताच पापणी मिटण्याची उपजत क्रिया मात्र टिकते.

आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांमध्येच दाखवले, की दीर्घकालीन ताणामुळे हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात, तर अमिग्डालामध्ये त्या वाढतात. मेंदूचे सगळे भाग सारखे नाहीत, हे यातूनही दिसते.

भौतिकशास्त्रात १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगाला ईथर सापडला नाही, आणि त्या 'नाही'लाच आज इतिहासात स्थान आहे. लॅश्ले यांचा निष्कर्ष पुढे सुधारावा लागला, पण त्यांच्या नोंदी विश्वासार्ह होत्या. म्हणूनच त्रुटी शोधणे शक्य झाले. प्रयोगशाळेत नकारात्मक निकाल वहीतून खोडण्याचा मोह होईल, तेव्हा विद्यार्थ्यांनी हे अवश्य आठवावे.