ग्रीनबेल्टचीं घरें

अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत, वॉशिंग्टनजवळ, १९३७ सालीं सरकारनें ग्रीनबेल्ट ही वसाहत वसविली. बांधकामावर कृष्णवर्णीय मजूरही राबले. घरें मात्र गोऱ्यांसच मिळालीं. युद्धकाळांत मूळच्या ८८५ घरांत आणखी १,००० ची भर पडली. महायुद्ध संपल्यावर सरकारला ही मालकी नकोशी झाली. १९४९ च्या कायद्यानें लिलांवाऐवजीं वाटाघाटीनें विक्रीस मुभा दिली आणि माजी सैनिकांच्या संस्थांस अग्रहक्क ठेवला. मग सैनिक नसलेल्या जुन्या भाडेकऱ्यांनीं जावें कोठें? रहिवाशांनीं आपल्या सहकारी संस्थेच्या नांवांतच ‘व्हेटरन’ हा शब्द घातला, आणि भाडेकऱ्यांसही तींत जागा ठेवली. युक्ति साधीच, पण ती फळली. १९५२ त संस्थेनें १,५८० घरें सुमारें ६३ लक्ष डॉलरांस घेतलीं. १९५७ सालीं नांवांतील ‘व्हेटरन’ गळला.